जीपचे मागचे दिवे

आमच्या जीपमध्ये देव उजेडात बसायचे आणि मागून येणारा ट्रक अंधारात. हे लिहितानाही माझं डोकं फिरतं.

मोर्शीजवळ आमचा संत्र्याचा बगिचा. पाण्याच्या मोटरला लाईन दिवसा मिळत नाही, म्हणून दिवस मावळला की बाबा जीप काढून शेतात जातात. जीप माझ्याहून वयानं मोठी. दिवाळीत मी घरी आले तेव्हा पाहिलं, मागचा एकही दिवा लागत नव्हता. ब्रेक दाबला तरी नाही. अकोल्याला मी आयटीआयमध्ये पोरांना वायरिंग शिकवते, आणि माझ्याच घरची गाडी अशी!

"करून घेतो उद्या," बाबा म्हणाले. संक्रांतीला मी परत आले तरी तो उद्या उगवला नव्हता. अमरावतीहून नवे दिवे घेऊनच आले होते. दुपारी अंगणात पोतं टाकलं आणि जीपखाली शिरले.

डॅशबोर्डवर देवाचा फोटो, त्याभोवती बाबांनी लावलेली रंगीत बल्बांची माळ. तिची वायर मागच्या दिव्यांच्या वायरला नुसती पिळून जोडलेली. मागे वायर घासून उघडी पडली, फ्यूज उडायला लागला, आणि दिव्यांबरोबर माळही विझायला लागली. यावर बाबांचा उपाय मला पडल्या पडल्या दिसला. मागे जाणाऱ्या सगळ्या वायरी त्यांनी पक्कडीनं कापून टाकल्या होत्या. माळ चालू, मागचं बंद!

"बाबा, हे कोणी केलं?"

"मीच केलं. देवाचा लाईट बंद पडून राह्यला होता."

"आन् तुमचं काय?"

"मले समोरचं दिसते ना. मांगचं मांगचा पाहीन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुन्या वायरी ओढून फेकल्या, नव्या टाकायला घेतल्या. काम अर्धं झालं तोवर दिवस मावळून अंधार पडला आणि बाबांनी किल्ली मागितली.

"लाईन येऊन राह्यली. बाकीचं उद्या कर."

पुन्हा उद्या! मी किल्ली दिली नाही. आई रोज जीप निघाली की फाटकात उभी राहते. तिच्या शेजारी मी बाबांना उभं केलं.

"आज तुमी इथून पाहा," म्हटलं आणि स्वतः जीप काढली.

आमच्या घरापुढे खांबावर दिवे नाहीत. पुढचे दिवे लावून थोडी गेले, कडेला घेऊन मुद्दाम थांबले, मग परत फिरले. बाबा फाटकाबाहेर रस्त्यावर आले होते.

"तू चालली का उभी राह्यली, मले समजलंच नाही," ते म्हणाले.

"मले तं रोजच समजत नाही," आई म्हणाली.

 बाबा घरातून उजेडाला बॅटरी घेऊन आले आणि जीपपाशी माझ्या बाजूला मातीत बसले.

"देवाचं उद्या पाहू," म्हणाले. "मांगचे लाव."

त्या दिवशी मोटर उशिरा सुरू झाली. जीप निघाली तशी आई फाटकात उभी राहिली, दोन लाल दिवे वळणाआड जाईपर्यंत. माझा राग उतरायला हवा होता, पण तो तेव्हाच जास्त भडकला. इतके दिवस तिला काहीच दिसत नसताना ती तिथं उभी राहत होती.