द्राक्षबागेतलं जपानी

नातवंडांनो, अख्ख्या नाशकात इतक्या आत्मविश्वासाने आणि इतकी विचित्र जपानी बोलणारी व्यक्ती एकच आहे, आणि ती आमच्या खालच्या मजल्यावर राहते. वय पंधरा. वडील दिंडोरीकडे द्राक्षबाग सांभाळतात. आई आणि ही शाळेसाठी शहरात. तिच्या शाळेत नववीला एक परदेशी भाषा घ्यावीच लागते आणि शिकवायला फक्त फ्रेंचच्या बाई आहेत. हिने जाहीर केलं, "मी जपानी घेणार. माझं मी शिकेन." मुख्याध्यापिकांनी शेवटी दमून परवानगी दिली, पण अट घातली: वर्षाअखेरीस बाहेरचे परीक्षक तोंडी परीक्षा घेतील, नापास झाली तर नववी पुन्हा, आणि तीही फ्रेंच घेऊन. वडील माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन आले. "काकू, तुम्ही तरी सांगा. पोरगी लय हट्टी हाय. म्हणे, फ्रान्सवाले द्राक्षाची दारू करतात, जपानवाले द्राक्षं खातात. आपली खायची द्राक्षं, मग जपानीच पाहिजे. आता यावर काय बोलावं माणसानं?"

गुरू म्हणून तिने मोबाइलवरचे एक जपानी आजोबा धरले. हे आजोबा आपल्या बागेत उभे राहून छाटणी कधी करावी, घड कसा विरळ करावा, एवढंच सांगतात. ही त्यांचं वाक्यन् वाक्य उचलायची, सुरासकट आणि श्वासासकट. आजोबा बोलण्याआधी कमरेवर हात ठेवून कण्हतात आणि दातांतून हवा आत ओढतात. हीही कण्हायची, हीही ओढायची. मी शाळेत इंग्रजी शिकले ते आधी व्याकरण आणि मग वाक्य या शिस्तीत. न राहवून विचारलं, "अगं, हे कण्हणं भाषेत येतं का?" तर म्हणाली, "आजी, ते प्रत्येक वाक्याआधी करतात. नियमच असणार." लिफ्टमध्ये भेटेल त्याला ती वाकून काहीतरी म्हणायची. सोसायटीत सगळ्यांना वाटे, काय हे संस्कार! पुढे कळलं, ती प्रत्येकाला 'यंदा द्राक्षांवर भुरी रोग कितपत आहे' असं विचारत होती.

परीक्षेच्या दिवशी बागेत द्राक्षांचा खुडा चालू होता. आईवडील दोघेही तिकडे, म्हणून मी सोबत गेले. वर्गाबाहेर बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "आजी, नापास झाले तर धाकट्या मुलींबरोबर बसावं लागेल हो." परीक्षक पुण्याच्या, तरुण बाई. हिला आत बोलावून बसवलं, पण दार उघडंच होतं, त्यामुळे मला बाकावरून सगळं दिसत होतं. त्यांनी गोड आवाजात काही विचारलं. ही उठली, कमरेवर हात ठेवला, कण्हली, हवा ओढली आणि घोगऱ्या आवाजात सुरू झाली. बाईंनी हातातला कागद तोंडापुढे धरला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी म्हटलं, गेलं वर्ष! पण बाई विचारत राहिल्या, ही न अडता सांगत राहिली. शेवटी बाई मराठीत म्हणाल्या, "सुट्टीत काय करतेस विचारलं, तर वेलींना पाणी किती द्यायचं ते सांगितलंस. बोलतेस सत्तरीच्या शेतकऱ्यासारखी. पण माझा एकही प्रश्न तुला अडला नाही. पास! आता जरा वयाला शोभेल असं शिक."

आता तिला शनिवारची रीतसर शिकवणी लागली आहे. बोलणं सुधारतंय म्हणे. सुधारायलाच हवं, तरी मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं होतं. तुम्ही फोनवर मराठीत अडखळता आणि मग इंग्रजीत शिरता. या रविवारी तसं करू नका. जसं येईल तसं बोला. मी मध्ये काही दुरुस्त करणार नाही, नुसती ऐकत बसेन.