दादांनी कार्ड मोकळं केलं

थोरल्या दिरांनी, म्हणजे दादांनी, आयुष्यात एकच काम मन लावून केलं. कचेरीच्या दप्तरखान्यात बसून एकसारखे कागद हुडकायचे आणि जादाचे फाडायचे. एकतीस वर्षं. निवृत्त झाले, बायको गेली आणि धाकट्या भावाकडे राहायला आले. हाताची ती खाज मात्र सोबत आली.

भावजय घरीच शिवणकाम करायची. पहिल्याच आठवड्यात दादांनी तिचा कागदी नमुना फाडला. झग्याचा पुढचा भाग आणि पाठीचा भाग त्यांना एकच वाटला. माणूस वाईट नव्हे, असं भाऊ म्हणायचा. वाईट असायलाही थोडं डोकं लागतं, असं ती मनात म्हणायची आणि देवाची क्षमा मागायची.

मशीन मारून तिची कंबर गेली होती. वाचनालयाच्या बालविभागात एक जागा निघाली होती. मुलांना दाखवायला मिनिटभराची हलत्या चित्रांची गोष्ट करून आणायची, सोमवारी. ही नोकरी तिला हवीच होती. तिनं चिंध्यांची गोगलगाय शिवली आणि तिला गाठायला एक हिरवं पान. डिजिटल कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवला, पडदा ओढून दिवा लावला. गोगलगाय तांदळाच्या दाण्याएवढी सरकवायची, फोटो काढायचा, परत सरकवायची. बारा फोटोंचा एक सेकंद. अकरा दिवस ती वाकून हेच करत होती.

बुधवारी कपडे पोचवून आली, तर कॅमेरा दादांच्या मांडीवर.

"सातशे वीस फोटो होते," दादा म्हणाले. "सगळे एकाच गोगलगायीचे. एकोणतीस ठेवलेत. सकाळपासून बसलोय."

"दादा, प्रत्येक फोटोत ती थोडी पुढे होती."

"कितीशी? चष्मा लावून बघितलं मी. काही फरक नाही."

"चालत होती ती."

"गोगलगायच ना? तिला कुठं हजेरी लावायचीय?"

कॅमेऱ्याच्या कार्डात मोकळ्या झालेल्या जागेत त्यांनी आपल्या सेवापुस्तकाच्या पानांचे फोटो काढून ठेवले होते. पानन् पान. ते दाखवताना चेहऱ्यावर असं समाधान, की जणू कुणाचा जीव वाचवून आलेत.

तिनं डोळे मिटले. देवा, जीभ आवर माझी, एवढंच म्हणाली. मग आत जाऊन पुतणीला फोन लावला.

"तुझ्याकडे जुने कागद आहेत का गं?"

"पोतंभर आहेत. काकू, बाबांनी आता काय फाडलं?"

"ते नंतर. त्यांना आजच बोलवून घे. म्हणावं, तुमच्याशिवाय जमत नाही."

दादा तासाभरात निघाले. "माझ्यावाचून सगळ्यांचं अडतं," असं जिन्यातल्या शेजाऱ्यालाही सांगून गेले.

चार दिवस उरले होते. तिनं टेबल पुन्हा मांडलं. पाऊल मोठं केलं, सेकंदाला सहाच फोटो. गोगलगाय धक्के खात चालली, पण हिरव्या पानापर्यंत पोचली.

सोमवारी वाचनालयातल्या बाईंनी गोष्ट दोनदा पाहिली, दुसऱ्यांदा शेजारच्या खोलीतली पोरं बोलावून. पोरं गोगलगायीला "चल, चल" म्हणत होती. बाईंनी एक तारखेपासून यायला सांगितलं.

"एवढं सगळं एकटीनं केलंत? कुणाची मदत?"

"माझ्या थोरल्या दिरांची," ती म्हणाली. "चार दिवस लेकीकडे जाऊन राहिले."