धूमा वेशीपाशी उभी आहे

फोन आला तेव्हा गिरणी चालू होती. मिरची दळायला टाकलेली, नाकाला पदर बांधलेला, आणि पलीकडून गिरजाचा भाऊ नामदेव काय सांगतोय ते काही केल्या ऐकू येईना. "पाच मिनिटांनी कर," मी ओरडले. त्यानं फोन ठेवला नाही. शेवटी मी मोटार बंद केली, पट्टा फिरत फिरत थांबला, आणि मग ऐकू आलं. "अक्का गेली, ताई." मी म्हणाले, "असं कसं होईल? मी आत्ता दुपारी तर येऊन गेले." जणू काही मी येऊन गेले म्हणून मरायला बंदीच होती. मी गिऱ्हाइकाची अर्धी दळलेली मिरची तशीच पिशवीत भरली, उरलेली उद्या देते म्हणाले आणि शटर ओढलं. आता महिना उलटून गेला. त्या दुपारी मी तिला जे सांगितलं ते तिला पटलं होतं की नव्हतं, एवढंच मला अजून कळायचं आहे, आणि ते आता सांगणारं कुणी नाही.

गिरजा माझी मैत्रीण होती असं म्हटलं तर तिला राग आला असता. आम्ही वाळूजला एका कारखान्यात होतो. गाड्यांच्या वायरिंगचं काम. फळीवरच्या खुंट्यांतून रंगीत वायरी ओढायच्या, त्यांना टेप गुंडाळायची. कंपनीची बस दौलताबादहून निघायची आणि पडेगावला मी, गिरजा आणि शाहीन चढायचो. गिरजाच्या वडलांच्या मेंढ्या होत्या, सगळं लहानपण डोंगरापलीकडं रानात गेलेलं, शाळा चौथीपर्यंत. नवऱ्यानं वर्षभरात आणून सोडलेली, तेव्हापासून भावाकडं. बसमध्ये ती एकटी दोन जणींची जागा अडवायची, शेजारी डबा ठेवून. मी बारावी झालेले म्हणून मला 'मास्तरीण' म्हणायची, आणि त्यात कौतुक नसायचं. दौलताबादची शोभा नवी साडी नेसून आली की, "खिडकीला पडदा नाय का आता घरात?" मागच्या सीटवर कुणी हसलं की तिला वाटायचं आपल्यालाच हसतायत. मग ती वळून असं काही बोलायची की हसणारीच्या डोळ्यांत पाणी यावं. तिच्याशेजारी कुणी बसत नसे. तिलाही ते चालत होतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या वर्षी टीव्हीवर जादूच्या राज्याची एक मालिका लागायची. राज्यातल्या प्रत्येकाच्या तळहातावर ज्योत असते, राजाच्या धाकट्या मुलीच्या हातातून मात्र नुसता धूर निघतो. तिचं नाव धूमा. थोरल्या बहिणीचा उजेड अख्ख्या दरबारात पडतो, आणि ही कोपऱ्यात खोकत उभी. म्हणून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला टोचून बोलते, दासींना रडवते, बहिणीच्या लग्नात मांडव धुरानं काळा करते. पहिले काही भाग आम्ही सगळ्यांनीच पाहिले. मग आमच्याकडं ऐन संध्याकाळी भारनियमन सुरू झालं. गिरजाचं घर तेवढं दुसऱ्या लाइनवर होतं, तिच्याकडं दिवे असायचे. पुढं काय झालं हे आता एकट्या गिरजाला ठाऊक, आणि तिला विचारायची कुणाची छाती नाही. शेवटी शाहीननंच तोंड उघडलं. "आपा, कल क्या हुआ की?" गिरजानं तिच्याकडं पाहिलं, आपली थट्टा चाललीय का म्हणून. मग डब्याचं झाकण काढून समोरच्या सीटच्या लोखंडी दांड्यावर एकदा खाडकन आपटलं, म्हणजे गप्प बसा, आणि सांगायला लागली.

सांगायची कशी! राजा बोलला की तिचा गळा जाड व्हायचा, दासी आली की मान वाकडी. वाळूज आलं तरी आम्ही उतरायला तयार नसायचो, ड्रायव्हर हॉर्न वाजवून उतरवायचा. सीटवरचा डबा तिच्या मांडीवर गेला आणि शेजारी बसायला भांडणं लागली. धूमाला राज्याबाहेर काढलं त्या दिवशी शोभा म्हणाली, "बरं झालं, लई माजली होती." गिरजा तिच्यावर धावून गेली नाही. एवढंच म्हणाली, "थांब की जरा. अजून रस्त्यालाच लागलीय ती."

पुढं धूमा रानात मेंढपाळांच्या वाड्यावर गेली. तिथल्या म्हातारीशी पहिल्याच दिवशी भांडली, भाकरी हिसकावून खाल्ली, रात्री एकटीच दूर जाऊन झोपली. म्हातारी काही बोलली नाही. पावसाळ्यात मेंढ्यांना माश्या सतवायला लागल्या, त्यांच्या खुरांना जखमा झाल्या, तेव्हा धूमा चिडून हात झटकत होती, त्या धुरानं माश्या पळाल्या. म्हातारी म्हणाली, "उद्याबी चिडशील का गं?" अख्खी बस हसली. मग धूमा हळूहळू शिकत गेली. धुरानं मधाची पोळी काढायला शिकली, लांडगे आले तेव्हा कळप धुरात लपवायला शिकली. जिभेनं मात्र तशीच कडू राहिली. पण एके दिवशी तिनं भाकरी हिसकावली नाही, मागितली. एवढ्या एका भाकरीवर गिरजानं आमचा आठवडा काढला. ती उठून चुलीपाशी जाते, तोंड उघडत नाही, परत येते... दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. शेवटी मागितली तेव्हा शोभानं पदरानं नाक पुसलं. त्याच दिवसांत गिरजा एकदा जेवणाच्या सुटीत माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "लोणचं दे जरा." त्याआधी ती न विचारताच घ्यायची. टीव्हीवर मेंढ्यांची खुरं इतक्या बारकाव्यानं कोण दाखवतं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही. गोष्ट चांगली चालली होती.

दिवाळीला शोभा जालन्याला माहेरी गेली. परत आली ती आम्ही बसमध्ये चढून बसल्या बसल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ती मालिका तर कवाच बंद पडली. त्या टायमाला नाचाचा कार्यक्रम लागतोय. धूमाला हाकललं, तिथंच संपलं. ही बया आपल्याला इतके दिवस थापा मारतीय." सगळ्या गिरजाकडं वळल्या. तिचा चेहरा राखेसारखा झाला. मला वाटलं आता शिव्या देणार. ती म्हणाली, "व्हय, बंद पडली. मालिका बंद पडली म्हणून धूमानं काय करावं? रस्त्यावरच बसावं का?" आणि उठून शेवटच्या सीटवर गेली, शेजारी डबा ठेवला आणि खिडकीकडं तोंड केलं.

काही दिवस बस मुकी होती. शोभाचं खरं होतं, त्यामुळं तिला कुणी काही बोलू शकत नव्हतं. मग एका सकाळी शाहीन उठून मागं गेली. "आपा, उसके आगे का बोलो ना." गिरजा म्हणाली, "मेली ती." शाहीन तिथंच उभी, बस हलतेय, ही दांडा धरून. "ऐसी कैसी मरी? भेडां किसके पास छोडी उनो?" मेंढ्या अशा कुणी रानात टाकून मरत नाही, हे गिरजाइतकं कुणाला माहीत? पडेगाव मागं पडलं, छावणी गेली, आणि मग मागून खाडकन झाकण वाजलं. सगळ्यात आधी वळून बसली ती शोभाच.

गोष्ट शेवटाला आली होती. राज्यात असा पाऊस लागला की सगळ्यांच्या ज्योती विझल्या, राजाचीही आणि थोरलीचीही. तेव्हा कुणाला तरी आठवलं की धूर निघतो म्हणजे आत विस्तव असतो. धूमाला निरोप गेला. ती चालत आली आणि वेशीपाशी उभी राहिली. आत जावं का? यावर बसमध्ये दोन तट पडले. शोभा म्हणाली, "जाऊ नये. कामापुरतं बोलावलंय, काम झालं की पुन्हा हाकलतील." शाहीन म्हणाली, "बहन है आखिर." गिरजा दोघींचं ऐकत होती. म्हणाली, "उद्या सांगते." दुसऱ्या दिवशी गेटवर नोटीस होती. आमच्या कामाची लाइन दुसऱ्या गावी हलवली होती, आम्हाला यायची गरज नव्हती. बस त्या दिवशी आम्हाला तेवढी घरी सोडून गेली.

पुढं मी पडेगावातच गिरणी टाकली आणि गिरजाला हाताशी घेतलं. गिऱ्हाइकं तक्रार करायची. "पीठ चांगलं आहे ताई, पण त्या बाईला बोलू नका म्हणावं." मी तिला काढलं नाही, धान्य तिच्याइतकं स्वच्छ दुसरं कुणी चाळत नव्हतं. धूमाचं विचारलं की म्हणायची, "दळण बघ." अशी बरीच वर्षं गेली. मग तिचा आवाज बसायला लागला. मिरचीनं बसलाय म्हणत तिनं कितीतरी दिवस अंगावर काढलं. मी हाताला धरून दवाखान्यात नेली तेव्हा गळ्यातली गाठ बरीच वाढली होती. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तिला सरळ विचारलं. मला आडून बोलता येत नाही. "गिरजा, आज सांगून टाक. धूमा आत गेली का नाही?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तुला लई घाई. सांगितलं की तू यायची नाय." मी म्हणाले, "काय बोलतीस? मी त्यासाठी येते का?" "मग कशासाठी येतीस?" असल्या गोष्टी बोलून दाखवायची आमच्यात पद्धत नाही. मी तिचा डबा धुवायला घेऊन गेले. मी तिचा आवाज ऐकला तो शेवटचाच.

घरी आणल्यावर नामदेवनं तिला पाटी दिली. तिनं ती खाटेखाली सारली. लिहिलेलं चुकलं तर भाचे हसतील, हे त्या अवस्थेतही तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. दुपारी गिरणीला गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मी जायचे. बोलायचं काय? ती बोलू शकत नव्हती आणि मला गप्पा येत नाहीत. म्हणून मी धूमाचीच गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. मला कुठं जमतंय ते! मेंढ्या आधी आणल्या, म्हातारी विसरले. तिनं उशाशी ठेवलेल्या डब्याचं झाकण घेतलं आणि खाटेच्या दांड्यावर खाडकन आपटलं. चूक. मी मागं जाऊन पुन्हा सांगितलं. राजाचा आवाज काढला नाही तरी झाकण आपटायची. नामदेवची बायको स्वयंपाकघरातून हसायची.

वेशीपाशी आलो तशी मी अडले. धूमा आत गेली, म्हणाले. खाडकन. गेली नाही, परत रानात गेली. खाडकन. आत गेली आणि राणी झाली, म्हणाले, तेव्हा तर तिनं झाकण फेकूनच मारलं. मी रोज नवा शेवट न्यायचे आणि रोज तो आपटून घ्यायचे. ती मुद्दामच मला पास करत नव्हती, हे न कळायला मी काही मूर्ख नाही. एकदा चिडून म्हणाले, "अगं, शेवट सांगून झाला तरी मी येणारच आहे." त्यावरही तिनं झाकण वाजवलं. पण दिवसेंदिवस तो आवाज बारीक होत चालला होता. गाठ पुन्हा वाढली होती, हाडं वर आली होती, पाणी घशाखाली उतरत नव्हतं. जाताना वाटेत मला शेवट सुचेनासा झाला. दळण टाकताना, भाकरी थापताना एकच विचार, आज हिला काय सांगू... आता शेवट बरोबर यावा अशी माझी इच्छाच राहिली नव्हती. झाकण वाजावं, एवढंच.

त्या दुपारी माझ्याकडं काहीच नव्हतं. मी खाटेवर टेकले आणि सुचेल ते बोलत गेले. धूमा वेशीपाशी उभी आहे. पाऊस पडतोय. ती आत जात नाही आणि परतही फिरत नाही. मग वेशीतून तिची थोरली बहीण बाहेर येते. चिंब भिजलेली, हातात ज्योत नाही. ती विस्तव मागत नाही, आत चल म्हणत नाही. खाली चिखलात धूमाशेजारी बसते. नुसतीच बसते... मी थांबले. झाकण तिच्या हाताखाली होतं. वाजलं नाही. डोळे मिटलेले होते, श्वास चालू होता. मला वाटलं, जमलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. झोपली असेल म्हणून पांघरूण सारखं केलं आणि गिरणीवर आले.

ते झाकण नामदेवनं मला दिलं. मी गिरणीत मोटारीमागच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलंय. गेल्या आठवड्यात शाहीन दळण घेऊन आली होती. तिला मी तो शेवट सांगितला. ती म्हणाली, "आपा ने हां बोली?" मी म्हणाले, "ना हो, ना नाही." मोटार चालू झाली की भिंत थरथरते आणि झाकण वाजायला लागतं, सारखं, भराभर, मी काय चुकले ते न सांगता. मागं चिंधी खोचली तर थांबेल, पण मी खोचलेली नाही. मोटार बंद केली की तेही थांबतं, आणि मग ती दुपारची शांतता पुन्हा येते, जिचा अर्थ मला लागत नाही. गिऱ्हाईक नसलं तरी हल्ली मी कधीकधी मोटार चालूच ठेवते. वीज उगाच जळते. कळतं मला.