मोटारीसाठी राखून ठेवलेली सावली

गेटवरच्या चपराशाने बैलांच्या तोंडापुढे काठी आडवी धरली.

"गाडी आत न्यायची न्हाई. आजपासून मनाई हाय."

"कावून?" आमचा गाडीवान संतराम म्हणाला. "काल तर आत गेलतो की."

"कालचं काल. नवीन हेडमास्तरसाहेबांचा हुकूम हाय."

मी शाळेच्या व्हरांड्यातून हे पाहत होते. बीडला तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी तिथल्या मुलींच्या शाळेची मुख्य बाई होते. शाळा म्हणजे दोन खोल्या. त्याही मुलांच्या मोठ्या शाळेच्या कंपाउंडमध्ये, पोर्चला लागून. मुलींना आणण्यासाठी सरकारने एक दमणी दिली होती. दमणी म्हणजे वरून छप्पर आणि चारी बाजूंनी पडदा असलेली हलकी बैलगाडी. तिच्यासोबत रहिमतबी असे. आमच्या भाषेत ती 'बोलावणारी'. घरोघर जाऊन हाक मारायची, मुलगी पडद्याआड बसवायची आणि शाळेच्या दारात उतरवायची, हे तिचं काम. घराण्यातल्या बायकामुली परपुरुषाच्या नजरेस पडू नयेत, या रिवाजाला गोषा म्हणत. मुसलमानांच्या घरी तो होताच, देशमुखांच्या घरीही होता. मला स्वतःला तो पटत नसे. पण दमणी दारापर्यंत आली तरच मुलगी शाळेत येणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

गोदूच्या बाबतीत तर मी शब्दच दिला होता. गोदू ही चौसाळ्याच्या देशमुखांची नात. शिकण्यासाठी बीडच्या बिऱ्हाडी राहायची. चौथीची परीक्षा तोंडावर आली होती आणि ती झाली की तिला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला पाठवायचं, हे मी मनाशी धरलं होतं. तिच्या आजोबांना सगळे आबा म्हणत. त्यांची अट एकच होती. "बाई, पोरीचा पाय सडकेला लागला न्हाई पायजे." मी म्हटलं, लागणार नाही.

आणि आता हा हुकूम. बैलगाड्यांनी सडकेपलीकडे, कोंडवाड्याशेजारी उभं राहावं. कोंडवाडा म्हणजे मोकाट जनावरं डांबायची जागा. सरकारच्या मते आमच्या मुलींना उतरायला तीच योग्य होती.

मी तडक हेडमास्तरसाहेबांकडे गेले. ते हैदराबादेहून नुकतेच बदलून आले होते. शेरवानीला सुरकुती नाही, बोलण्यात अदब भरपूर.

"बैल शेण टाकतात, बाईसाहेब."

"घोडेही टाकतात. आपल्या टांग्याचा घोडा तर पोर्चमध्येच टाकतो."

"टांगा सवारी आहे. बैलगाडी खेतीची चीज आहे."

"पण पोर्च दिवसभर रिकामाच असतो, साहेब."

"ती जागा मोटारीची आहे."

"कुणाच्या मोटारीची?"

"औरंगाबादेहून बडे साहेब इन्स्पेक्शनला येतील, त्यांच्या."

"आणि ते येईपर्यंत?"

"येईपर्यंत रिकामी राहील. राखीव म्हणजे तेच."

कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. कंपाउंडमधली सगळ्यात गार सावली त्या पोर्चची. तिथे चुन्याने रंगवलेले दगड मांडले होते. मधल्या जागेत कुत्री झोपत, त्यांना कुणी हुकूम दाखवत नसे.

मग आम्ही चादरीची शक्कल काढली. कोंडवाड्यापाशी मुली उतरायच्या. एक मोठी चादर मी एका बाजूने धरायची, रहिमतबीने दुसऱ्या बाजूने, आणि आत मुलींना घेऊन सडक ओलांडायची. पानाच्या दुकानावर बसलेले टवाळ रोज काहीतरी फेकायचेच. "आली बे बाईची वरात." मी ऐकून न ऐकल्यासारखं करी. आजही तो आवाज आठवला की हात शिवशिवतात.

मुली कमी होत गेल्या. गोदू मात्र येत राहिली. आबांना चादरीचं कळलं नव्हतं, आणि तिनेही घरी सांगितलं नव्हतं. एके दिवशी कोंडवाड्यातून सोडवलेला एक वळू उधळत सडकेवर आला. मुली किंचाळल्या, चादर सुटली आणि गोदू भर बाजारात उघड्या तोंडाने उभी राहिली. दुखापत कुणाला झाली नाही. पण संध्याकाळी आबांचा निरोप आला: उद्यापासून गाडी आमच्या दारी पाठवू नये.

मी पुन्हा हेडमास्तरांकडे गेले. माझ्या शाळेतली सगळ्यात हुशार मुलगी गेली, असं सांगितलं.

"अफसोस आहे," ते म्हणाले. "पण मोटार तर येणारच ना."

तेव्हा माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

इन्स्पेक्शनचा दिवस ठरला. त्या दिवशी मी स्वतः दमणीत बसले, उरलेल्या मुलींना घेऊन. पडदा घट्ट ओढला. संतरामला सांगितलं, थांबायचं नाही.

"गाडी थांबव," चपराशी म्हणाला.

"आत जनाना हाय," संतराम म्हणाला. "तू पडद्याला हात लावतूस का? लाव."

चपराशी काठी घेऊन बाजूला झाला. दमणी थेट पोर्चमध्ये, त्या पांढऱ्या दगडांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. संतरामने बैल सोडले, जोखडाला लाकडाचा टेकू दिला आणि बैल घेऊन तो पाण्यावर निघून गेला. आता गाडी हलवायची तर माणसांनी ढकलायला हवी होती. आणि आत बायका बसलेल्या असताना पडद्याच्या गाडीला हात घालील असा पुरुष त्या काळी बीडमध्ये नव्हता.

हेडमास्तर धावत आले. पडद्यापासून चार हात दूर थांबले.

"बाईसाहेब, खाली उतरा."

"उतरायची जागा कोंडवाड्यापाशी आहे, साहेब. आपलाच हुकूम आहे."

"मग गाडी तिकडे न्या."

"बैल पाण्यावर गेलेत."

"कधी येतील?"

"तहान भागली की येतील."

आत मुली तोंडात पदर कोंबून हसत होत्या. मी त्यांना पाढे म्हणायला लावले. एवढ्यात गेटवर भोंगा वाजला. मोटार आली, पण तिला जागा नव्हती. बडे साहेब गेटशीच उतरले आणि भर उन्हात, धुळीतून चालत पोर्चपर्यंत आले. ते घामाघूम झाले होते.

"ये क्या तमाशा है?" त्यांनी विचारलं.

पडद्याआडूनच मी सगळं सांगितलं. कोंडवाडा, चादर, वळू, गोदू. मला वाटलं, आता मुलींविषयी दोन शब्द बोलतील. साहेबांनी रुमालाने बूट झटकले आणि हेडमास्तरांना म्हणाले, "इतनी दूर से कौन चलकर आएगा? जनाना गाडी दरवाजे तक आने दो और मोटार के लिए दूसरा गेट खोलो."

बस, एवढंच. आमच्या मुली रोज तीच सडक ओलांडत होत्या, तेव्हा ते अंतर कुणाला दिसलं नाही. साहेबांच्या बुटांना धूळ लागली, तेव्हा दिसलं. मी जिंकले होते, आणि तरी माझा संताप आवरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी आबांच्या बिऱ्हाडी गेले. म्हटलं, गाडी पुन्हा दारापर्यंत जाते, गोदूला पाठवा, परीक्षा अजून व्हायची आहे.

आबा ओसरीवर सुपारी कातरत होते. शांतपणे म्हणाले, "बाई, तुमी लई धीराच्या, मानलं. पर मोटार अडवली म्हून गावभर बोभाटा झालाय. आन् असल्या शाळंत पोरगी धाडली तर उद्या सोयरे काय म्हनतील? तिची सुपारी फुटली. आता शाळेचं नाव न्हाई काढायचं."

आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या. गोदू ऐकत असणार. ती बाहेर आली नाही, तिला तशी मुभा नव्हती. परतताना राग नेमका कुणावर काढावा तेच समजेना. हेडमास्तरांवर, आबांवर, की दिलेला शब्द न पाळलेल्या माझ्यावर.

लग्नसराईत आबांचा गडी शाळेत आला. नवरीला सासरी पाठवायचं होतं. आबांकडे बैलगाड्या होत्या, पण पडद्याची दमणी नव्हती, आणि गावात एकही मोकळी मिळेना.

"आबांनी इचारलंय, शाळेची दमणी एक दिवस द्याल का? भाडं देऊ म्हनले."

संतराम माझ्याकडे बघत राहिला. दमणी पोर्चच्या सावलीतच उभी होती, बैलही तयार होते.

"नाही," मी म्हटलं. "ती गाडी मुलींना शाळेत आणण्यासाठी आहे. सरकारी नियम आहे."

नोकरीत इतकी वर्षं काढली. नियमांचा एवढा उपयोग मला तेव्हा पहिल्यांदा झाला, आणि तोही गोदूच्या काही कामाचा नव्हता.