बासष्टातले एकोणीस

माझा थोरला भाऊ पस्तीस वर्षं छताला पाईप टांगत आला. वेल्डिंग नाही, भोक पाडणं नाही. लोखंडी तुळईच्या कडेला क्लॅम्पचा जबडा अडकवायचा, नट आवळायचा, खाली सळई सोडायची, सळईला पाईप. जिथे एका ठिणगीने गोदाम पेटेल, तिथे दादाला बोलावणं ठरलेलं. नट पुरेसा आवळला की कट्ट वाजणारा एक पाना मिळतो. दादा त्याला खुळखुळा म्हणायचा. "पाळण्यातल्यांना द्या तो. माझं मनगट वाजतं." आवळून झालं की नटावरून क्लॅम्पवर पिवळ्या रंगाची रेघ ओढायचा. नट हलला तर रेघ तुटते. दादाची एकही रेघ कधी तुटली नाही.

जीभ मात्र तिखट. हाताखालच्या माणसाला म्हणायचा, "तुझ्या हातात हाडं आहेत की दोऱ्या?" चारचौघांत, आणि सगळे हसेपर्यंत.

माझ्या लेकीला त्याने जीव लावून शिकवलं. पुढे ती परीक्षा देऊन तपासनीस झाली. गेल्या महिन्यात रंगाच्या कारखान्यात दादाने बासष्ट क्लॅम्प लावले आणि तपासायला गेली ती.

त्या दिवशी तिने ताटाला हातच लावला नाही. "आई, मामाच्या रेघा सगळ्या धड आहेत. पण एकोणीस नट अजून फिरतात."

"रेघ धड आहे ना, मग?"

"रेघ एवढंच सांगते की नट हलला नाही. मुळात आवळला होता का, ते नाही सांगत. त्याची बोटं बधिर झालीत गं. जोर गेलाय आणि त्याला पत्ताच नाही." मग हळूच म्हणाली, "रविवारी कारखाना बंद असतो. मी जाऊन आवळून येते. निवृत्तीला आठच महिने राहिलेत त्याच्या."

"आणि एखादा नट राहून गेला तर? खाली माणसं काम करतात. सही तुझी आहे, त्याची नाही. लेखी कळव."

"निदान आधी त्याला सांगते."

"सांगितलंस की तो डोळ्यांत पाणी आणणार आणि तू विरघळणार. आधी कळव."

तिने कळवलं.

दादाच्या साहेबाने ते एकोणीस नट आवळायला त्यालाच शिडीवर चढवलं, हातात तो कट्ट वाजणारा पाना दिला आणि खाली अख्खी पाळी उभी केली. पाना वाजला की खालून आकडा. एक. दोन. तीन. सातव्याला पाना वाजेना. दादाने दोन्ही हात लावले, अंगाचा सगळा भार टाकला, तरी वाजेना. "उस्ताद," खालून कुणीतरी विचारलं, "हाडं आहेत की दोऱ्या?" सगळे पोट धरून हसले. ज्याला दादाने वर्षभर हाच प्रश्न विचारला होता, त्यानेच वर चढून उरलेले सगळे नट आवळले. दुसऱ्या दिवसापासून दादाला येऊ नको म्हणून सांगितलं.

रविवारी दुपारी तो घरी आला. मी सवयीने साखरेची बरणी त्याच्यापुढे केली. आमच्याकडची घट्ट झाकणं तोच उघडायचा. त्याने ती मांडीवर घेतली, झाकणाला जोर लावला, पण ते हललं नाही.

"पोरीने केलं ते बरोबर केलं," तो म्हणाला. "नट ढिले होते. पण आधी माझ्या कानावर घालायचं होतं. मी आपणहून घरी बसलो असतो. मामाला असं चव्हाट्यावर उभं करायचं, हे कुठून शिकली ती?"

मी चहा गाळत राहिले.

"मी नाही बोलणार आता तिच्याशी. तू सांग तिला."

जिन्यात लेकीची पावलं वाजली तसा तो चहा न घेताच उठला. दारात दोघं समोरासमोर आली. अनोळखी बाईला वाट द्यावी तसा तो अंग चोरून बाजूला झाला आणि खाली उतरला.

"माझ्यावर रागावलाय?" लेकीने विचारलं.

"होईल शांत," मी म्हणाले.

बरणी खुर्चीवर तशीच होती. तिने उचलून झाकण फिरवलं. ते सहज निघालं.