हरोळीचा डोळा

आधार कार्डावर सावित्राबाईंचे वय एकसष्ट आहे. जन्म भातलावणीत झाला, एवढेच त्यांना स्वतःला ठाऊक. गेली अकरा वर्षे त्या डोंगरावरच्या ठाकरवाडीतून उतरून लोणावळ्यात निर्मलाबाईंच्या घरी धुणीभांडी करतात.

निर्मलाबाई निवृत्त शिक्षिका. परसातल्या उंबराला त्यांनी पक्ष्यांसाठी लाकडी ताट टांगले आहे. त्यात पपई, केळी, राळे असतात. येणाऱ्या पक्ष्याची वहीत नोंद होते, पण दोन खुणा पटल्यावरच. हल्ली त्यांना लांबचे धूसर दिसते, म्हणून भांडी झाली की सावित्राबाईंना खिडकीशी बोलावणे येते. तेवढा अर्धा तास त्यांना खुर्ची मिळते आणि त्यांचा शब्द लिहून घेतला जातो. असे दुसरे ठिकाण त्यांना नाही.

"ती चिमणीच ना?"

"चिमणी व्हय? लाल मुनिया हाय ती. चष्मा पुसा आदी, बाई."

या फेब्रुवारीत ताटाशेजारच्या फांदीवर हिरवट, कबुतराएवढा पक्षी उतरला.

"हरोळी," सावित्राबाई म्हणाल्या. "पाय बगा, हळदीवानी पिवळं."

"एक झाली. दुसरी खूण?"

"डोळ्यात निळं कडं, त्याच्याभवती गुलाबी."

निर्मलाबाईंनी पुस्तक उघडले. तसेच छापले होते. "इतक्या लांबून डोळ्यातलं कडं दिसलं तुम्हाला?"

'दिसलं' म्हणून सुटता आले असते. खरे सांगावे, तर पक्ष्यांसाठी रोज पपई कापणाऱ्या या घरात आपल्याला भांडीच काय ती उरतील. खोटे सांगावे, तर आजवर लिहिलेले एकेक नाव नासणार.

"न्हाई दिसलं. हातात धरल्यात, म्हून ठावं. बा काड्यांना वडाचा चीक लावून उंबरावर ठिवायचा. पाय चिकाटलं की मी सोडवून घ्यायची. मेल्यावर डोळ्याचा रंग जातो, बाई. जित्तीच बगावी लागती."

"आणि मग?"

"मग काय? खाल्ल्या. चैतात घरात दुसरं काय नसायचं."

निर्मलाबाईंनी वही मिटली. दोन दिवस बोलावणे आले नाही. सावित्राबाई पदराला हात पुसून मागच्या दाराने निघून जात.

तिसऱ्या दिवशी हाक आली. वही उघडी होती.

"तेव्हा एका उंबरावर किती असायच्या?"

सावित्राबाई उभ्याच राहिल्या. "कोण मोजतंय? उडाल्या की अंगणात सावली पडायची."

"अंदाजे?"

"चाळीस. जास्तीच."

"साल?"

"पवनेच्या धरणाचं काम चाललं हुतं. मी येवडी." त्यांनी कमरेशी हात धरला.

निर्मलाबाईंनी लिहिले: सुमारे चाळीस. मग या महिन्यापुढे: एक.