वांडाने आखलेल्या हद्दी

वांडा प्रुशिन्स्की आमच्या क्लीव्हलँडच्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं कर्करोगाच्या गाठींचे पातळ काप बघत होती. कापातली कुठली पेशी कुठे बसलीय, याचा नकाशा संगणकावर यायचा. पण औषध लागू पडलेला रुग्ण आणि न पडलेला, यांची तुलना करायची तर नकाशातला नेमका कुठला तुकडा घ्यायचा, ते वांडा ठरवायची. गाठीची कड, गाभा, शेजारचा निरोगी भाग, अशा हद्दी ती हाताने आखायची. काप कुणाचा ते आधी बघायचं नाही आणि घडी पडलेला भाग सोडून द्यायचा, हा तिचा नेम.

मार्चमध्ये आकडे आले. दोन्ही गटांत काहीच फरक नव्हता. आमचे प्रमुख डॉक्टर हॉलस्ट्रॉम खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. कुठले काप औषध लागू पडलेल्यांचे, ते त्यांनी पडद्यावर उघडलं आणि रोगाशी लढणाऱ्या पेशींची जिथे गर्दी होती, तिकडे कडेची हद्द जराशी सरकवायला सांगितली. मी शेजारच्याच टेबलावर होतो. वांडाने तीन काप सरकवले.

दुपारी तिने डबा उघडला आणि घरून आणलेले पिरोगी, तिचे ते उकडलेले कानवले, तसेच कचऱ्यात ओतले. काय झालं, मी विचारलं.

"किळस येतेय. त्या हॉलस्ट्रॉमची यायला हवी, पण माझीच येतेय. हात माझा चालला ना."

दुसऱ्या दिवशी तिने तिन्ही हद्दी पुसल्या. नावं झाकून चाळीसच्या चाळीस काप एका निवृत्त डॉक्टरीणबाईंकडून नव्याने आखून घेतले. फरक तेव्हाही निघाला नाही. सोमवारच्या बैठकीत तिने हे सगळ्यांसमोर मांडलं.

"वांडा, हद्द म्हटली की थोडं इकडेतिकडे व्हायचंच," डॉक्टर हसत म्हणाले.

"इकडेतिकडे झालं असतं तर चाललं असतं, डॉक्टर. तुम्ही सांगितलेलं सगळं एकाच बाजूला जातं."

खोलीत नऊ माणसं होती. कुणी ब्र काढला नाही. मीही नाही, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असून.

पुढे डॉक्टरांनी हद्दी दुसऱ्याकडून हव्या तशा आखून घेतल्या. वांडाने त्यावरच्या लेखातून आपलं नाव काढायला लावलं, तो छापणाऱ्या संशोधन-मासिकाला पत्रही लिहिलं. हा मतभेदाचा प्रश्न आहे, एवढंच उत्तर आलं. ती आता गुरांच्या दवाखान्यात काप करते.

लेख ऑक्टोबरात छापून आला. शेवटी मोलाच्या मदतीबद्दल आभार मानलेत, त्यात माझं नाव आहे. मी ते काढायला सांगितलं नाही.